टाचेचं हाड मोडलं तर: छोट्या छेदाचं ऑपरेशन आणि पुढचे सहा महिने

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, पंखा फिरतो का बघायचं, आणि त्यासाठी घरातलं कुणीतरी स्टुलावर, सज्ज्यावर नाहीतर गच्चीच्या कठड्यावर चढतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुढच्या काही आठवड्यांत टाच मोडलेले लोक माझ्याकडे येतात. रंगारी, इलेक्ट्रिशियन, सेंट्रिंगवाले तर बारा महिने येतात. काटोल-कळमेश्वरकडे संत्री तोडताना शिडीवरून पडलेलेही येतात.

आता बऱ्याच जणांचं ऑपरेशन छोट्या छेदातून होतं. जखम लहान असते, टाके मोजके असतात, आणि तिथेच घात होतो. जखम भरली म्हणजे पाय बरा झाला असं घरच्यांना वाटतं. चीर तीन-चार सेंटिमीटरची असली, तरी आतलं हाड मोठ्या चिरेच्या ऑपरेशनात असतं तेवढंच मोडलेलं असतं आणि जुळायला तेवढाच वेळ घेतं. हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिते आहे.

पडल्यावर पहिला तास

उभं राहून बघू नका. "दोन पावलं टाकून बघतो, मुरगळलं असेल" असं म्हणत पाय टेकवला की तुकडे आणखी खाली दबतात. बूट-मोजे हळूच काढा. बाईंच्या पायात जोडवी, पैंजण असतील तर ती सगळ्यात आधी काढा. टाच मोडल्यावर सूज फार लवकर चढते, आणि तासाभरात जोडवी बोटात रुतून बसतात. मग ती कापावी लागतात.

पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा, उघड्या कातडीवर नको. शेक, तेल, मालिश काहीही करू नका. गावाकडे पाय ओढून "बसवून" देणारे असतात. या हाडाच्या बाबतीत तसं केल्याने फक्त नुकसान होतं.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. उंचावरून दोन्ही पायांवर पडलेल्या माणसाच्या टाचेचा धक्का वर कमरेपर्यंत जातो. अशा साधारण दहातल्या एकाच्या पाठीच्या मणक्यालाही फ्रॅक्चर असतं, आणि टाच इतकी दुखत असते की पाठीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाठ दुखत असेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा लघवी होत नसेल, तर त्याला बसवून ऑटोत कोंबू नका. सपाट झोपवून १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर आपण होऊन सांगा: "पाठही तपासा, आणि दुसरी टाचही."

तीन परिस्थितींत एक तासही थांबायचं नाही. हाडावर उघडी जखम असेल. टाचेच्या मागच्या बाजूला हाडाचा तुकडा कातडीला आतून ढकलतोय आणि तिथली कातडी पांढरी पडली आहे. किंवा दुखणं औषधानेही आवरत नाही, बोटं बधिर होतात आणि कुणी बोटं नुसती हलवली तरी माणूस ओरडतो. दुसऱ्या प्रकारात काही तासांत कातडी मरू शकते. तिसऱ्यात पायाच्या आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असतो.

आत नक्की काय मोडतं

टाचेचं हाड वरून पातळ कवच आणि आतून स्पंजासारखं असतं. त्याच्यावर घोट्याचं हाड बसलेलं असतं. माणूस उंचावरून पडतो तेव्हा हे वरचं हाड लाकडात पाचर ठोकावी तसं टाचेत घुसतं. टाच उंचीने बसते, रुंदीने फुगते, आणि वरचा गुळगुळीत सांधा तुकडे होऊन खाली दबतो. या सांध्यामुळे पाऊल आत-बाहेर कलतं. खडबडीत रस्त्यावर, गिट्टीवर, उतारावर आपण न अडखळता चालतो ते त्याच्यामुळे. बाहेरच्या बाजूला फुगलेलं हाड घोट्यामागच्या शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) दाबतं आणि पुढे कुठलाच बूट नीट बसत नाही.

साध्या एक्स-रेवर डॉक्टर एक कोन मोजतात. निरोगी टाचेत तो २० ते ४० अंश असतो. टाच जितकी बसली तितका तो कमी होतो, कधी शून्याच्याही खाली जातो. पण निर्णय एक्स-रेवर घेऊ नये, सीटी स्कॅन लागतोच. त्यावरून सांध्याचे किती तुकडे झाले ते कळतं आणि फ्रॅक्चरला एक ते चार असा प्रकार दिला जातो. पहिल्यात तुकडे हललेले नसतात, चौथ्यात सांध्याचा चुरा असतो. तुमचा प्रकार कोणता, हे विचारून फाईलवर लिहून घ्या.

ऑपरेशन करायचंच का?

हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. घाबरू नका. तुकडे हलले नसतील तर ऑपरेशनची गरज नसते. स्लॅब (अर्धं प्लास्टर), सूज उतरवणं आणि पाय न टेकवणं एवढं पुरतं. तुकडे हललेले असले तरी प्रत्येकाला ऑपरेशनचा फायदा होतोच असंही नाही. ब्रिटनमध्ये १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मोठी चीर देऊन ऑपरेशन केलेले आणि न केलेले रुग्ण दोन वर्षांनी जवळपास सारख्याच स्थितीत होते, आणि ऑपरेशनवाल्यांना गुंतागुंत जास्त झाली होती. मात्र ज्यांची टाच फारच वाकडी-रुंद झाली होती त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. म्हणजे टाच बरीच बसली असेल, वाकडी झाली असेल, सांध्यात पायरी पडली असेल, माणूस तरुण आणि कष्टाचं काम करणारा असेल, तर ऑपरेशनचं पारडं जड होतं. वय जास्त, शुगर हाताबाहेर, पायाचा रक्तपुरवठा कमी, आधीपासूनच चालणं घरापुरतं, अशा माणसाला कधी न केलेलं बरं.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. आपल्याकडे तो इतका अंगवळणी पडलाय की डॉक्टरांनी "सिगारेट ओढता का?" विचारलं की माणूस खरेपणाने "नाही" म्हणतो, आणि त्याच्या खिशात पन्नी असते. तंबाखू चघळा किंवा ओढा, निकोटीन रक्तात जातंच. त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि टाचेवरची कातडी मुळातच पातळ, खाली मांस जवळजवळ नाही. जखमेच्या कडा काळ्या पडणं, पू होणं, हाड उशिरा जुळणं, हे सगळं तंबाखूवाल्यांत जास्त दिसतं. पडल्या दिवसापासून हाड जुळेपर्यंत खर्रा बंद. घरच्यांनी दवाखान्यात लपवून आणून देऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून घ्या आणि ऑपरेशनआधी शुगर आटोक्यात आणा.

नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानातलं एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतलं खासगी हॉस्पिटल, कुठेही गेलात तरी सर्जनला हे विचारा: असं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? माझ्या फ्रॅक्चरला छोटा छेद पुरेल का, आणि का? प्लेट घालणार की नुसते स्क्रू? पाय कधी टेकवायचा? प्लेट-स्क्रूचा खर्च धरून एकूण किती येईल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा आणि रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा.

सुजेचे दिवस

या दिवसांत घरचे सगळ्यात जास्त चिडतात. "भरती करून ठेवलं आणि नुसतं पडून आहे, ऑपरेशनच करून नाही राहिले." हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. पण डॉक्टर तेव्हा काम टाळत नसतात. सुजलेल्या, ताणलेल्या कातडीवर चीर दिली तर ती शिवता येत नाही, शिवली तर उसवते, आणि उसवलेल्या जखमेतून जंतू थेट हाडात जातात. म्हणून सूज उतरायची वाट बघतात. पाऊल हलवल्यावर टाचेच्या बाहेरच्या बाजूला बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की कातडी तयार झाली असं समजतात. मोठ्या चिरेसाठी याला १० ते १४ दिवस लागतात, कधी जास्तही. छोट्या छेदाला थोडं आधी चालतं. मात्र फार उशीरही नको. दोन आठवड्यांनंतर तुकडे एकमेकांना चिकटायला लागतात, आणि तीन आठवड्यांनंतर छोट्या छेदातून ते सुटे करणं फार अवघड जातं.

या दिवसांत तुमचं काम एकच: पाय छातीपेक्षा उंच. दोन उश्या पोटरीखाली घ्या आणि टाच अधांतरी ठेवा. टाच उशीवर टेकून राहिली तर दाबाने तिथेच जखम होते. पाण्याचे किंवा रक्ताचे फोड आले तर ते फोडू नका, सिस्टरला दाखवा. तळपायावर निळा-काळा डाग दिसेल, तो या फ्रॅक्चरमध्ये येतोच. बोटं दर तासाला हलवत राहा.

छोट्या छेदातून काय करतात

जुन्या पद्धतीत टाचेच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजी एलच्या आकाराची मोठी चीर देऊन कातडीचा पदर उचलतात. हाड छान दिसतं, पण त्या एलच्या कोपऱ्याला रक्त कमी पोहोचतं आणि जखम तिथेच बिघडते. नव्या पद्धतीत बाहेरच्या घोट्याच्या टोकाखालून पुढे करंगळीच्या बाजूला साधारण ३ ते ५ सेंटिमीटरची सरळ चीर असते. दबलेला सांधा नेमका त्याच जागी असल्याने सर्जनला तो डोळ्यांनी दिसतो. टाचेच्या मागच्या तुकड्यात एक जाड पिन घालून टाच खाली आणि मागे ओढतात, वाकडेपणा सरळ करतात, दबलेला सांधा खालून वर उचलतात. प्रत्येक टप्प्यावर सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या) मशीनवर चित्र बघतात. मग स्क्रू, किंवा कातडीखालून सरकवलेली बारीक प्लेट. काही सोप्या प्रकारांत, विशेषतः सांध्याला जोडलेला मागचा मोठा तुकडा एकसंध वर उचलला गेला असेल तर, चीरही लागत नाही. चार-पाच मिलिमीटरच्या टोच्यांतून स्क्रू बसतात.

भूल बहुतेक वेळा कमरेतून देतात. जखमेचे त्रास मोठ्या चिरेपेक्षा कमी होतात, हा या पद्धतीचा खरा फायदा. सांध्याचा पूर्ण चुरा असेल तर छोट्या खिडकीतून तो जुळत नाही. तेव्हा सर्जन मोठी चीर सुचवतील किंवा सांधा कायमचा जोडून टाकण्याबद्दल बोलतील. त्यात त्यांचं कौशल्य कमी पडलं असं समजू नका. छेद लहान असला तरी पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येऊ शकतो, कारण कातडीला जाणीव देणारी एक नस तिथूनच जाते. बऱ्याचदा तो हळूहळू कमी होतो.

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे

पाय टेकवायचा नाही. रात्री बाथरूमला जातानाही नाही, "नुसता टेकू" म्हणूनही नाही.

त्यासाठी घर आधी तयार करा. वॉकर किंवा कुबड्या उंचीप्रमाणे लावून घ्या. देशी संडास असेल तर कमोड खुर्ची आणा, एका पायावर उकिडवं बसणं जमत नाही. उंबरा, पायपुसणं, सैल सतरंजी, मोबाइलच्या चार्जरची वायर, सगळं वाटेतून काढा. आणि कूलर. कूलरचं पाणी फरशीवर सांडतं, ओल्या फरशीवर वॉकरचं रबर सटकतं, आणि माणूस नेमका मोडलेल्या पायावर पडतो. उन्हाळ्यात ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या घरी मी हे बघायला सांगते. पलंग कूलरच्या झोतात येईल असा घ्या, पण जायची वाट कोरडी ठेवा.

४५ अंशांच्या उन्हाळ्यात स्लॅबखाली घाम येतो, खाज सुटते. आत पट्टी, सुई, झाडूची काडी घालून खाजवू नका. त्या ओरखड्यातून जंतुसंसर्ग झालेले पाय मी पाहिलेत. पोटरीखालची उशी तशीच ठेवा. पाय खाली लोंबला की निळसर-लाल होतो आणि ठणकतो. दोन-तीन आठवडे हे होतंच. पाय वर घेतला की रंग परत येतो.

टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात. तोवर जखम ओली होऊ देऊ नका. अंघोळ खुर्चीवर बसून, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून आणि पाय पाण्याबाहेर ठेवून करा. ताप, जखमेतून घाण पाणी, वास, कडा काळ्या पडणं, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. एकाच पायाची पोटरी घट्ट-गरम होऊन दुखायला लागली तर रक्ताची गाठ असू शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर ती मधेच बंद करू नका.

खाण्यात वरण, मोड आलेली कडधान्यं, दही, अंडी, शेंगदाणे नियमाने. व्हिटॅमिन डी कमी असेल तर डॉक्टर देतील. हाड लवकर जुळवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका.

पाय न टेकवता व्यायाम

पाय न टेकवणं म्हणजे पाय न हलवणं नव्हे. सर्जनने परवानगी दिली की, बऱ्याचदा जखम स्थिरावल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास, स्लॅब काढून घोटा हलवायला सुरुवात होते. पाऊल वर-खाली, मग आत-बाहेर. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून चार वेळा. मी सगळ्यांना अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायला लावते. क, का, कि, की. सांधा सगळ्या दिशांना फिरतो आणि कंटाळाही येत नाही. एका आजींनी नातवाला शेजारी बसवून त्याच्याकडूनही पायाने बाराखडी गिरवून घेतली होती. टॉवेल तळपायाला अडकवून हळूच ओढा, म्हणजे टाचेमागची शीर आखडत नाही. गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, पोटावर झोपून पाय मागे उचलणं रोज करा, नाहीतर मांडी काठीसारखी होते. टाके निघून जखम पूर्ण कोरडी झाल्यावर व्रणावर खोबरेल तेलाने बोटाने गोल गोल चोळा. हाडावर जोर द्यायचा नाही, फक्त कातडी हलवायची.

पाय टेकवायला सुरुवात

एका तरुणाबद्दल सांगते. छोट्या छेदाचं ऑपरेशन, टाके निघाले, चौथ्या आठवड्यात जखम दिसेनाशी. मला म्हणाला, "मॅडम, आता तर दुखून नाही राहिलं, चालून बघितलं काल." गच्चीवर पाण्याची टाकी बघायला दोन मजले चढला होता. एक्स-रेत उचललेला सांधा पुन्हा खाली बसलेला दिसला. दुखलं नाही म्हणून त्याला कळलंच नाही. हाड जुळलं का, हे दुखण्यावरून ठरत नाही, एक्स-रेवरून ठरतं.

साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, चुरा जास्त असेल तर १० ते १२ आठवड्यांनी, सर्जन हळूहळू वजन द्यायला सांगतात. "हळूहळू" म्हणजे किती, हे पायाला शिकवावं लागतं. घरातला वजनकाटा घ्या. वॉकरला धरून उभे राहा, चांगल्या पायाखाली काट्याच्या उंचीची फळी ठेवा, आणि ऑपरेशनचा पाय काट्यावर.

एका रंगाऱ्याला मी असं पहिल्यांदा उभं केलं तेव्हा त्याने काट्याकडे बघायचंच टाळलं, डोळे मिटून घेतले. घामाने गळ्यातला गमछा भिजला. काटा पाचवर थरथरत होता. मी म्हटलं, "दादा, खाली बघा, पंधरापर्यंत न्यायचं आहे." त्याने एक डोळा उघडला, टाच थोडी दाबली. आठ, अकरा, चौदा. पंधरावर त्याने श्वास सोडला आणि काटा लगेच वीसवर गेला. त्याने घाबरून पाय उचलला. दहा-बारा वेळा केल्यावर डोळे मिटूनही त्याला पंधरा किलो म्हणजे किती हे कळायला लागलं. सर्जनची हरकत नसेल तर दर आठवड्याला साधारण दहा किलो वाढवत न्या. सूज रात्रीतून उतरली आणि दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं नाही, तरच पुढे जा.

चालताना टाच आधी टेकवायची. घाबरलेला माणूस चवड्यावर चालतो आणि ती सवय वर्षभर राहते. घरातही अनवाणी चालू नका, चप्पलही नको. टाच घट्ट धरणारा, पुढे रुंद बूट आणि आत मऊ सिलिकॉनची गादी घ्या. दोन कुबड्यांवरून एकीवर आलात की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा.

तिसऱ्या महिन्यापासून पुढे

पूर्ण वजन आल्यावर तोल आणि ताकद. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, काही आठवड्यांनी एकच. एका पायावर उभं राहणं आधी धरून करा, मग न धरता. चालायला आधी सपाट फरशी, मग गवत, सगळ्यात शेवटी गिट्टी. सेमिनरी हिल्सचा चढ-उतार पाचव्या-सहाव्या महिन्याआधी नको. उकिडवं बसणं उशिरा येतं, काहींना पूर्ण येत नाही.

गाडी चालवण्याची घाई करू नका. न लंगडता चालता आलं, आणि अचानक ब्रेक दाबावा लागला तर कचरायला होणार नाही अशी खात्री झाली की मग. साधारण तीन महिने तरी जातात. दुचाकीवर सिग्नलला पाय टेकवताना टाचेवर अचानक भार येतो, हे लोक विसरतात.

बसून करायचं काम सहा आठवड्यांच्या आसपास जमतं, पण टेबलाखाली पाय ठेवायला स्टूल हवं. दुकानात दिवसभर उभं राहायला चार महिने तरी लागतात. शिडीवर, परांचीवर जाणाऱ्यांना सहा महिने ते वर्ष. काहींना ते काम सोडावंच लागतं, आणि हे घरात लवकर बोललेलं बरं, म्हणजे पर्याय शोधायला वेळ मिळतो.

संध्याकाळी सूज वर्षभर येऊ शकते. सुधारणा दीड-दोन वर्षं होत राहते, म्हणून सहाव्या महिन्यात "इतकंच आता" असं ठरवू नका. पाय सतत जळत असेल, चादर लागली तरी सहन होत नसेल, रंग आणि घाम बदलत असेल, तर ते लगेच सांगा, त्याचे उपचार लवकर सुरू झाले तर बरे लागू पडतात. आत-बाहेरची हालचाल कमीच राहिली आणि प्रत्येक पावलाला खोलवर दुखत राहिलं तर सांधा झिजला असेल. इनसोल, औषध, इंजेक्शनने भागलं नाही तर तो सांधा जोडण्याचं ऑपरेशन असतं. टाचेची उंची आधीच नीट आणलेली असेल तर ते सोपं जातं.

स्क्रूचं डोकं बुटाला लागत असेल तर हाड पक्कं जुळल्यावर, साधारण वर्षानंतर, ते काढता येतं. त्रास नसेल तर काढायची गरज नाही. काढायला जाताना पहिल्या सीटी स्कॅनची सीडी, ऑपरेशनची टिपणं आणि कोणत्या कंपनीचे स्क्रू आहेत त्याचं स्टिकर सोबत न्या. ते नसेल तर योग्य पाना शोधण्यातच ऑपरेशनचा वेळ जातो.